अवघड जागेचे दुखणे

‘अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य’ ही आपल्या भाषेतील जुनी म्हण. ती ऐकताच हसू येते, आणि हसू येते म्हणूनच ती इतकी वर्षे टिकली असावी. परंतु त्या म्हणीतील दुखणेकऱ्याचा विचार आपण क्वचितच करतो. जवळचा वैद्य एकच, तो नात्याने जावई, आणि दुखणे असे की त्याच्यापुढे उघडे करणे मरणाहून अवघड. म्हण तेथेच थांबते. ते दुखणे पुढे दाखविले गेले की झाकून राहिले, आणि झाकून राहिले असेल तर त्याचे काय झाले, हे ती सांगत नाही. आजच्या भाषणात मला तो न सांगितलेला भाग सांगावयाचा आहे.

विषय आहे पुरुषाच्या वृषणांना होणाऱ्या इजेचा, आणि त्यानंतर तेथे रेंगाळणाऱ्या दुखण्याचा किंवा हाताला लागणाऱ्या गाठीचा. मी वैद्य नव्हे. सरकारी कचेरीत टिपणे लिहिण्यात ज्याची वीस वर्षे गेली असा एक सामान्य अधिकारी आहे. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की हे दुखणे मी स्वतः लपविले, आणि त्या लपविण्याची किंमत पुढे दुसऱ्या कोणाला तरी द्यावी लागली.

काही वर्षांपूर्वी मी महाराष्ट्राबाहेर एका जिल्ह्याच्या ठिकाणी नेमणुकीवर होतो. प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने आमच्या कचेरीचा शेजारच्या खात्याशी क्रिकेटचा सामना झाला. दहाव्या क्रमांकावर खेळणारास कवच कशाला हवे, या विचाराने मी गार्ड न लावताच मैदानात उतरलो. दुसराच चेंडू आत वळला आणि नको तेथे लागला. डोळ्यांपुढे अंधारी आली, पोटात कळ उठली, मळमळू लागले. मी खेळपट्टीवरच बसलो. भोवतालचे सहकारी धावून आले, पण येताना ते हसत होते. त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हसलो असतो. या एका इजेला जगात सर्वत्र हशा मिळतो, आणि तो हशा आठवून माणूस पुढे तोंड उघडत नाही.

तासाभरात वेदना ओसरली. चौथ्या दिवशी स्नान करताना मात्र डाव्या वृषणाच्या वरच्या बाजूस हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली. पुढचे तीन आठवडे मी ही गोष्ट कोणासही सांगितली नाही, पत्नीलादेखील नाही. दिवसभर इतरांच्या फायलींवर ‘तातडीचे’ असा शेरा मारणारा मी, ही एक फाइल मात्र स्वतःपाशी दडपून बसलो होतो. रात्री झोप येईनाशी झाली तेव्हा कोठे गावातील वयस्क सर्जनकडे गेलो. ते ग्वाल्हेरकडील मराठी घराण्यातले. “काही विशेष नाही, डॉक्टरसाहेब,” अशी मी सुरुवात केली. ते म्हणाले, “विशेष नसतं तर तीन आठवडे थांबून आला नसतात. बसा, आणि सगळं सांगा.”

त्या दिवशी त्यांनी जे समजावून सांगितले, ते प्रत्येक मुलाला शाळेतच सांगावयास हवे असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

वृषणे शरीराबाहेर का असतात, येथून त्यांनी आरंभ केला. शुक्रजंतू तयार होण्यास शरीराच्या उष्णतेहून दोन-तीन अंशांनी कमी उष्णता लागते. म्हणून निसर्गाने ही इंद्रिये हाडांच्या आश्रयाविना एका पातळ पिशवीत लोंबती ठेवली. त्या पिशवीस अंडकोश म्हणतात. गर्भावस्थेत ही वृषणे पोटात, मूत्रपिंडांच्या शेजारी तयार होतात आणि जन्माच्या सुमारास खाली उतरतात. खाली येताना आपल्या रक्तवाहिन्या आणि ज्ञानतंतू ती बरोबर घेऊन येतात. त्यामुळे मार खाली लागला तरी कळ पोटात उठते व मळमळते. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिचे कारण पुढे येईल.

प्रौढ पुरुषाचे वृषण सुमारे चार ते पाच सेंटिमीटर लांब असते. एक दुसऱ्याहून किंचित मोठे असणे, तसेच डावे थोडे अधिक खाली असणे, यात वावगे काही नाही. वृषणाच्या पाठीमागे मऊ दोरीच्या गुंडाळीसारखा एक भाग लागतो. ती शुक्रजंतूंची नळी होय. उलगडली तर ती सुमारे सहा मीटर भरेल. मार लागल्यावर प्रथमच नीट चाचपून पाहणारे कित्येक जण या नैसर्गिक नळीलाच गाठ समजून घाबरतात. आपले शरीर निरोगी असताना कसे लागते हे ज्याला ठाऊक नाही, त्याला बदल कसा कळावा?

वृषणाभोवती एक चिवट पांढरे वेष्टन असते, आणि त्याबाहेर दोन पदरी पातळ आवरण. वृषण पिशवीत इकडेतिकडे सरकू शकत असल्याने पुष्कळसे मार चुकतात किंवा निभावतात. साध्या माराची वेदना तासाभरात ओसरू लागते. अशा वेळी पडून राहावे, घट्ट अंतर्वस्त्राने किंवा लंगोटाने आधार द्यावा, आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावावा. बर्फ थेट त्वचेवर ठेवू नये. तेल चोळणे, शेकणे, आवळून बांधणे हे आपले घरगुती उपाय येथे अपाय करतात.

परंतु वेष्टन फाटण्याइतका मार लागला, तर आतील नाजूक भाग बाहेर येतो, आवरणांच्या पदरांमध्ये रक्त साठते, अंडकोश सुजून काळानिळा पडतो. सीझन बॉलचा फटका, कबड्डीतील गुडघा, सायकलच्या दांडीवर पडणे, मोटारसायकलच्या अपघातात पुढच्या टाकीवर आदळणे, ही याची नेहमीची कारणे. फाटलेले वेष्टन शिवता येते. पहिल्या तीन दिवसांत शस्त्रक्रिया झाली तर वृषण बहुधा वाचते, त्यानंतर ही आशा झपाट्याने कमी होते. म्हणून वेदना तासाभरानंतरही कमी होत नसेल, सूज किंवा काळसरपणा वाढत असेल, लघवीतून रक्त येत असेल किंवा लघवी होत नसेल, उलट्या होत असतील, जखम उघडी असेल, तर त्याच दिवशी, तत्काळ रुग्णालयात जावे. ‘उद्या पाहू’ हा शब्द येथे चालत नाही.

आता गाठीविषयी. डॉक्टरांनी माझी तपासणी केली. तिला पाच मिनिटेही लागली नाहीत. अंधारात मागून विजेरी धरून प्रकाश आरपार जातो का ते पाहिले आणि नंतर सोनोग्राफीस पाठविले. सोनोग्राफीत काही टोचावे लागत नाही, दुखत नाही. गाठ वृषणात नव्हती. मागच्या नळीवरील ती पाण्याची लहानशी निरुपद्रवी पुळी होती, आणि ती चेंडूने झालेलीही नव्हती. “ही बरीच जुनी असणार,” डॉक्टर म्हणाले, “चेंडूनं फक्त तुमचा हात तिथं नेला.”

हे वाक्य मी विसरलेलो नाही, कारण या विषयातील सर्वांत मोठा गैरसमज त्यातून दूर होतो. मार लागला, मग गाठ दिसली, म्हणून गाठ माराचीच, असा आपण हिशेब करतो. कधी तो खरा असतो. साठलेले रक्त गोठून कडकपणा राहतो. परंतु कित्येकदा गाठ आधीपासून असते आणि मार हे केवळ तिकडे लक्ष जाण्याचे निमित्त ठरते. वृषणाचा कर्करोग माराने होतो, असे शास्त्राला आढळलेले नाही. मात्र अनेकांना तो मार लागल्यावरच प्रथम कळतो. ‘चेंडू लागला होता, त्याचीच सूज असेल, उतरेल’ असे म्हणत महिनेच्या महिने घालविणारा तरुण येथेच फसतो. सूज माराचीच आहे असे डॉक्टरांनी सांगितले तरी ती पूर्ण उतरल्याची खात्री पुन्हा तपासणी करून घ्यावी. कारण साठलेल्या रक्ताच्या आड दुसरे काही दडलेले असू शकते.

गाठी अनेक प्रकारच्या असतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. आवरणांत पाणी साठते, त्यास हायड्रोसील म्हणतात; पूर्व विदर्भ, बिहार, झारखंड, ओडिशा अशा भागांत घाणीच्या पाण्यात वाढणाऱ्या डासांनी पसरणारा हत्तीरोग हे त्याचे एक मोठे कारण आहे. डाव्या बाजूस शिरा फुगून त्यांचा गुंता लागतो. जांघेतून आतडे उतरते, तो हर्निया. लघवीच्या मार्गाने जंतू चढून नळी सुजते, ताप येतो. वयात आल्यानंतर गालगुंड झाले तर वृषण सुजू शकते. आपल्या देशात क्षयदेखील या नळीवर न दुखणारी गाठ उठवितो. यांतील प्रत्येकावर उपचार आहेत, आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे. कोणती गाठ कोणती, हे घरी बसून ठरविता येत नाही, इतकेच माझे सांगणे.

कर्करोगाची गाठ मात्र बहुधा वृषणातच असते, टणक असते, आणि दुखत नाही. आपण दुखण्याला घाबरतो आणि न दुखणाऱ्या गोष्टीस क्षमा करतो. येथे नेमके उलटे वागावयास हवे. हा रोग मुख्यतः पंधरा ते पस्तीस या वयात, म्हणजे ऐन तारुण्यात होतो. लहानपणी ज्यांचे वृषण खाली उतरलेले नव्हते त्यांना त्याचा धोका अधिक. म्हणून बाळाचे वृषण सहा महिन्यांपर्यंत उतरले नाही, तर सर्जनला दाखवून वर्ष-दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया करून घ्यावी. भारतात हा रोग दुर्मिळ आहे. लाखात वर्षाला एकाहूनही कमी पुरुषांना तो होतो. पण दुर्मिळ असण्याचाही एक तोटा असतो. असे काही असते हेच कोणाच्या गावी नसते.

आणि हा रोग बरा होतो. ही गोष्ट आपल्या लोकांना ठाऊक नाही, म्हणून तिचा थोडा इतिहास सांगतो. १९६५ साली अमेरिकेतील मिशिगन येथे बार्नेट रोझेनबर्ग हे शास्त्रज्ञ जंतूंवर विजेचा काय परिणाम होतो ते पाहत होते. जंतू विभागेनासे झाले. शोध घेता असे आढळले की किमया विजेची नव्हती. विजेच्या अग्रांतील प्लॅटिनम द्रवात उतरले होते, त्याची. त्यातून सिस्प्लॅटिन हे औषध आले. १९७४ साली इंडियाना विद्यापीठाचे डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते इतर दोन औषधांबरोबर वृषणाचा कर्करोग शरीरभर पसरलेल्या रुग्णास दिले, आणि तोवर जवळजवळ असाध्य मानलेला रोग बरा होऊ लागला. आज वेळेवर आलेल्या शंभरांपैकी पंचाण्णवांहून अधिक रुग्ण बरे होतात. २०११च्या विश्वचषकात स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या युवराज सिंग यांस जो रोग झाला, तो याच कुळातला होता. त्यांच्या बाबतीत गाठ वृषणात नसून छातीत, दोन फुप्फुसांच्या मध्ये होती. २०१२ साली याच डॉ. आइनहॉर्न यांच्या देखरेखीखाली त्यांनी उपचार घेतले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ते पुन्हा भारताकडून मैदानात उतरले.

उपचारात बहुधा रोगट वृषण जांघेतून छेद घेऊन काढावे लागते. हे ऐकून तरुणाचा धीर सुटतो. त्याने एवढे जाणावे की निरोगी असलेले दुसरे वृषण पुरुषत्वास आणि पितृत्वास सामान्यतः पुरेसे असते. पुढील औषधांपूर्वी शुक्रजंतू गोठवून राखून ठेवण्याचीही सोय आहे. आणखी एक इशारा: अशा गाठीत बाहेरून सुई घालून ‘पाणी काढून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती कधीही जाऊ नये. गाठ कर्करोगाची असेल तर त्याने रोग नव्या मार्गांनी पसरण्याचा धोका असतो.

येथवर डॉक्टरांनी सांगितलेले झाले. निघताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, आणि तीच सर्वांत महत्त्वाची होती. वृषण ज्या दोरीला टांगलेले असते, त्या दोरीला कधी कधी पीळ पडतो. रक्तवाहिन्या त्या दोरीतच असल्याने रक्त थांबते. हे विशेषतः बारा ते अठरा वयाच्या मुलांना होते. कधी किरकोळ माराने, कधी खेळताना, तर कधी झोपेतदेखील. वेदना एकाएकी येते, उलटी होते, ते वृषण वर ओढल्यासारखे दिसते. सहा तासांच्या आत पीळ सोडविला तर वृषण बहुधा वाचते. चोवीस तास गेले तर ते वाचणे दुर्मिळ. मी मान डोलावली, निर्धास्त मनाने घरी आलो, आणि यातील एक अक्षरही कोणाजवळ बोललो नाही.

दोन वर्षांनी मी दौऱ्यावर असताना माझ्या गाडीच्या चालकास घरून दूरध्वनी आला. त्याचा पंधरा वर्षांचा मुलगा संध्याकाळी फुटबॉल खेळून आला होता. रात्री पोट दुखते म्हणून उठला, दोनदा उलटी झाली. आईने ओवा दिला, पोट शेकले. सकाळी जवळच्या एका दवाखान्यात नेले, तेथे पोट तपासून पोटाच्या गोळ्या दिल्या. मुलाने पोटाखाली काही सांगितले नाही, आणि कोणी पाहिलेही नाही. आम्ही परतलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. मोठ्या रुग्णालयात नेईपर्यंत वीस तास उलटले होते. वृषण काळे पडले होते. ते काढावे लागले. दुसऱ्या बाजूस तसाच पीळ पुढे पडू नये म्हणून डॉक्टरांनी ते वृषण टाके घालून स्थिर केले. दोन दिवसांनी मी त्याच्या खाटेशी बसलो होतो. “आधी का नाही सांगितलंस, बाळ?” असे विचारले. तो भिंतीकडे पाहत म्हणाला, “आईला काय सांगणार होतो, साहेब? आणि बाबा नव्हते.”

त्याचे बाबा माझ्याबरोबर होते. रोज चार-चार तास आम्ही दोघे एका गाडीत बसत होतो. पाऊसपाणी, बदल्या, निवडणुका, सारे बोलत होतो. आणि मला ठाऊक असलेली ही एक गोष्ट मी त्याला दोन वर्षांत सांगितली नव्हती. ती त्याला ठाऊक असती, तर रात्री दूरध्वनीवर त्याने मुलाला एकच प्रश्न विचारला असता. मुलगा आज धडधाकट आहे. त्याच्या पुढील आयुष्यास उणे काही नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. पण त्या रात्री वाचू शकणारे जे गेले, ते केवळ भिडेपायी गेले, आणि त्या भिडेत माझाही वाटा आहे.

श्रोतेहो, म्हणून आज हे बोललो. मुलगा पोट दुखते म्हणाला तर त्याच्या आईने किंवा वडिलांनी मोकळेपणाने विचारावे, “खाली कुठं दुखतंय का?” हा प्रश्न विचारण्यास दहा क्षण लागतात. त्याने होकार दिला तर काही न खाऊ-पिऊ घालता थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे, आणि दारातच सांगावे, ‘वृषण एकाएकी दुखत आहे’. नुसते ‘पोट दुखते’ म्हणू नये. रात्र आहे, रविवार आहे, हा विचार करू नये. प्रौढाने महिन्यातून एकदा, स्नानानंतर, आपली वृषणे बोटांनी हलकेच चाचपावी; घाबरण्यासाठी नव्हे, ओळख राहावी म्हणून. काही वेगळे लागले, जडपणा वाटला, दुखणे आठवड्याहून अधिक रेंगाळले, तर जवळच्या डॉक्टरांकडे जावे. ते गरजेप्रमाणे सर्जन किंवा मूत्ररोगतज्ज्ञ यांच्याकडे पाठवितील. मार केव्हा लागला, गाठ केव्हा दिसली, दुखते की नाही, एवढे कागदावर लिहून नेले की तोंड उघडणे सोपे जाते. डॉक्टर स्त्री असली तरी संकोचाचे कारण नाही. तिला ते हात-पाय तपासण्याइतकेच नित्याचे आहे.

‘भीड ही भिकेची बहीण’ अशीही आपली एक म्हण आहे. अवघड जागेच्या दुखण्यास जावई वैद्य भेटला, तर त्या जावयालाच दाखवावे. लाज घटकाभराची असते. सहा तास मात्र एकदा गेले की परत येत नाहीत.